उभं राहायला जागा

कुठलंही पंपघर, उपकेंद्र किंवा बोगदा उभा राहायच्या कितीतरी आधी त्यातल्या प्रत्येक केबलची वाट ठरलेली असते. ती ठरवणं हे माझं काम. नवी मुंबईतल्या एका डिझाइन ऑफिसात मी बसते. समोर दोन पडदे, एकावर केबल शेड्यूल आणि दुसऱ्यावर इमारतीचं थ्रीडी मॉडेल. कोणत्या पॅनेलमधून निघालेली केबल कोणत्या मोटरला जाणार, ती किती जाड, कोणत्या ट्रेवर चढणार, कुठे जमिनीखालच्या डक्टमध्ये उतरणार, कोणत्या भिंतीतून पलीकडे जाणार आणि ड्रमवरून किती मीटर कापायची, हे सगळं साइटवर ड्रम पोचायच्या आत आमच्याकडून जावं लागतं.

माझं गाव वैशाखरे, तालुका मुरबाड. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुरबाड, सरळगाव, टोकावडे मागे टाकत एसटी आमच्याकडे येते. समोर सह्याद्रीची भिंत आणि तिच्यात नाणेघाटाची खाच. ट्रेकला येणारी पोरं रविवारी ज्या फाट्यावर उतरतात तो फाटा आमच्याच हद्दीतला. डिप्लोमा इलेक्ट्रिकलमध्ये केला, म्हणून गावात माझी ओळख 'लाइटीचं शिकलेली' अशी. सुट्टीत घरी गेले की कुणाच्या तरी पंपाचा स्टार्टर किंवा गिरणीचा फ्यूज माझी वाट बघत असतो, आणि मी जाते. ज्या केबलचा आकडा आठवडाभर पडद्यावर बघितलेला असतो, ती तिथे हातात घेता येते.

मी लागले तेव्हा ऑफिसात केबलचं काम ऑटोकॅडमध्ये, वरून बघितलेल्या नकाशावर चालायचं. ट्रे म्हणजे दोन समांतर रेषा. उंची शेजारी लिहायची, लांबी मोजपट्टीनं घ्यायची आणि वर थोडं 'सांडलवंड' म्हणून धरायचं. ज्येष्ठ मंडळी डोळे मिटून सांगायची, या खोलीतून त्या खोलीत जायला अमुक मीटर. त्यांचा अंदाज क्वचितच चुके, पण तो त्यांच्या डोक्यात होता. ते निवृत्त झाले की तोही जाणार. मग सॉफ्टवेअर आलं. आम्ही बेंटलीचं 'रेसवे अँड केबल मॅनेजमेंट' घेतलं. काही कामं रेव्हिटमध्ये होतात. त्यात ट्रे खरोखर ट्रेसारखा दिसतो: रुंदी, कडांची उंची, वळणाचा तुकडा, टी, वर चढणारा रायझर. पॅनेल आणि मोटर आपापल्या जागी ठेवायची, त्यांच्यामध्ये ट्रेचं आणि डक्टचं जाळं विणायचं, मग केबलची यादी आत ओढून घ्यायची आणि बटण दाबायचं. शेकडो केबल काही क्षणांत आपापल्या वाटेला लागतात. जिथे गर्दी झाली तो ट्रे लाल होतो.

एकच केबल जवळून बघू. साडेतीन कोर, ३०० चौरस मिलिमीटर, ॲल्युमिनियम, एक्सएलपीई, आर्मर्ड. यादीत ती एक ओळ असते. प्रत्यक्षात ती मनगटाहून जाड असते, मीटरला चार-पाच किलो भरते, आणि तिला मनाला येईल तसं वाकवता येत नाही. अशा केबलला वळण देताना त्रिज्या निदान तिच्या व्यासाच्या बारापट ठेवायची, हा आमचा रोजचा नियम. म्हणजे पाऊण मीटरच्या आसपास. उच्च दाबाच्या केबलला याहून जास्त. त्याहून आवळून वाकवली तर आतलं इन्शुलेशन ताणलं जातं. त्या दिवशी काही होत नाही. इन्शुलेशन तपासणारा मेगर लावला तरी आकडा चांगला येतो. दोन पावसाळ्यांनी तीच जागा फुटते, आणि तोवर ती वाकवणारा माणूस दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

दुसरी गोष्ट गर्दीची. ट्रेवर शेजारीशेजारी पडलेल्या केबल एकमेकींना तापवतात. पीव्हीसी इन्शुलेशन असेल तर आतल्या तारेचं तापमान कायम ७० अंशांच्या आत हवं, एक्सएलपीई असेल तर ९० अंशांच्या. मोकळ्या हवेत एकटी असताना केबल जेवढा करंट पेलते तेवढा ती गर्दीत पेलत नाही. म्हणून कोष्टकातला गुणक लावून तिची ताकद कमी धरायची. मग कधी जाड केबल घ्यावी लागते, ती घेतली की ट्रे अपुरा पडतो, ट्रे वाढवला की तो एसीच्या डक्टला धडकतो. संध्याकाळपर्यंत हे फिरत राहतं. उच्च दाबाची केबल वरच्या ट्रेवर, तिच्याखाली कमी दाबाची पॉवर, मग कंट्रोल, सगळ्यात खाली इन्स्ट्रुमेंटेशन, ही आमची रोजची उतरंड. नाजूक सिग्नलची केबल जाडजूड पॉवर केबलच्या कुशीत टाकली तर मीटर भलतंच काहीतरी दाखवू लागतो.

एक खोड सगळ्या नवशिक्यांना मी पहिल्या दिवशी दाखवते. तीन फेजच्या तीन सुट्या, एकेरी कोरच्या केबल असतात तेव्हा त्या लोखंडी पाइपातून एकेक करून नेऊन चालत नाही. एकाच फेजचा करंट लोखंडाच्या बंद कड्यातून गेला की त्या कड्यातच उष्णता तयार होते आणि पाइप हात लावू देत नाही इतका तापतो. तिघी एकत्र गेल्या की एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीच्या क्षेत्राला मारतं आणि पाइप थंड राहतो. म्हणून त्यांना तीन पाकळ्यांसारखं बांधून नेतात, आणि पॅनेलच्या तळाशी जिथे त्या वेगळ्या व्हाव्याच लागतात तिथली ग्लँड प्लेट ॲल्युमिनियमची घेतात. सॉफ्टवेअरला हे सांगितलं नसेल तर ते तीन केबल तीन रिकाम्या पाइपांत खुशाल वाटून टाकतं. त्याच्या दृष्टीनं जागा उत्तम वापरली गेलेली असते.

सॉफ्टवेअरची स्वतःची नजर एकच: जवळची वाट. या गणिताचा एक मूळपुरुष म्हणजे डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा. १९५६ साली ॲमस्टरडॅममध्ये वाग्दत्त वधूबरोबर खरेदी करून दमल्यावर कॉफी पिताना त्यांनी ही पद्धत वीसेक मिनिटांत, कागदपेन्सिलीशिवाय रचली आणि १९५९ मध्ये छापली. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायच्या जाळ्यात सगळ्यात आखूड मार्ग कसा काढायचा, एवढाच प्रश्न. फोनवरचा नकाशा कल्याणहून आळेफाट्याला जायचा रस्ता सांगतो तेव्हा आणि आमचं मॉडेल केबल फिरवतं तेव्हा पोटात सहसा याच कुळातलं गणित असतं. मला या गणिताबद्दल आदर आहे. ते कधी दमत नाही, कधी विसरत नाही, शेवटच्या केबललाही पहिलीइतकंच लक्ष देतं. पण त्याला जाळं आपण देतो. जाळ्यात जे घातलं नाही ते त्याच्या जगात नसतं.

आणि ते जाळं सगळ्यांचं एकच असावं लागतं. एअरबसच्या ए३८० या दुमजली विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायरिंग आहे. २००६ मध्ये हॅम्बुर्गहून तुलूझला आलेल्या सांगाड्यांतले वायरिंगचे जुडगे बसेनात, कित्येक ठिकाणी आखूड पडले. जर्मनीतली मंडळी कॅटिया सॉफ्टवेअरच्या चौथ्या आवृत्तीवर काम करत होती आणि फ्रान्समधली पाचव्या. एकीकडे झालेला बदल दुसरीकडे नीट उतरत नव्हता. विमानं मिळायला सुमारे दोन वर्षांचा उशीर झाला. आमच्या ऑफिसात सिव्हिलवाल्यांनी तुळई शंभर मिलिमीटर खाली घेतली आणि सुधारलेली फाइल आमच्याकडे आली नाही, तर आमचा ट्रे त्या तुळईच्या पोटातून जातो. त्याची बातमी होत नाही, पण साइटवर गॅस कटर घेऊन उभ्या असलेल्या फिटरच्या शिव्या खऱ्या असतात. म्हणून सोमवारी सकाळी मी पहिल्यांदा सिव्हिलच्या टेबलापाशी जाते. ईमेलची वाट बघत नाही.

डिप्लोमाला असताना आम्हाला घाटघरच्या प्रकल्पावर नेलं होतं. आमच्या नाणेघाटाच्या माथ्यावर जे घाटघर आहे ते जुन्नर तालुक्यातलं. हे अकोले तालुक्यातलं, भंडारदऱ्याच्या मागचं. वरचं धरण तिथे, आणि खालचं धरण आमच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या चोंढे गावाजवळ. मधली उंची सह्याद्रीची. मागणी कमी असते तेव्हा पाणी वर चढवायचं, संध्याकाळी विजेची ओढ लागली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. १२५ मेगावॉटचे दोन संच, एकूण २५० मेगावॉट, २००८ पासून सुरू. रोलरनं दाबलेल्या काँक्रीटची देशातली पहिली धरणं इथलीच. आणि वीजघर डोंगराच्या पोटात.

डोंगरात शिरताना बाकीची मुलं टर्बाइन कधी दिसतंय म्हणून पुढे धावली. मी भिंतीकडे बघत मागे राहिले. बोगद्याच्या दोन्ही कडांनी ट्रेचे मजले चालले होते आणि त्यांवर काळ्या केबल निजलेल्या होत्या, प्रत्येकीच्या अंगावर क्रमांकाचा बिल्ला. भिंती पाझरत होत्या, हवा कोंदट आणि गार. डोंगराच्या पोटात प्रकाश, हवा, पाणी उपसणारे पंप, फोन, धोक्याची घंटा, सगळं त्या काळ्या दोऱ्यांवर जगत होतं. त्या तुटल्या की आत अंधार. आम्हाला घेऊन जाणाऱ्या अभियंत्यांना मी विचारलं, या सगळ्या एकाच भिंतीनं का नाही नेल्या? ते थांबले आणि म्हणाले, "एका आगीत दोन्ही जायला नकोत म्हणून." तेवढंच बोलले आणि पुढे गेले. या धंद्यात यायचं मी तिथे ठरवलं.

त्या एका वाक्यामागचा इतिहास मला नोकरीत आल्यावर कळला. अमेरिकेत अलाबामा राज्यात ब्राउन्स फेरी नावाचं अणुवीज केंद्र आहे. २२ मार्च १९७५ रोजी तिथे कामगार भिंतीतल्या भोकांतून हवा गळते का ते पेटत्या मेणबत्तीनं बघत होते. ज्योत हलली की गळती. ही भोकं केबलसाठी पाडलेली आणि फोमनं बुजवलेली. फोमनं पेट घेतला, आग भिंतीपलीकडच्या ट्रेवर पोचली आणि सुमारे सात तास धुमसत राहिली. सोळाशेहून जास्त केबल खराब झाल्या. संकटकाळी अणुभट्टी थंड ठेवायची जी साधनं होती, त्यांतल्या अनेकांच्या केबल त्याच वाटेनं गेल्या होत्या, त्यामुळे एका संचाची ती साधनं हाताबाहेर गेली. तिथल्या माणसांनी दुसऱ्या मार्गानं पाणी पोचवून भट्टी सावरली. त्यानंतर अमेरिकेतले नियमच बदलले: मुख्य आणि राखीव केबल वेगळ्या वाटेनं न्यायच्या, मध्ये आग अडवणारी भिंत किंवा पुरेसं अंतर ठेवायचं, भिंतीतलं प्रत्येक भोक न जळणाऱ्या मसाल्यानं बुजवायचं.

कागदावर दोन केबल होत्या, दोन पंप होते, दोन पॅनेल होती. वाट एकच होती. हे सॉफ्टवेअरला आपण होऊन खटकत नाही. दोन्ही केबलना जवळची वाट हवी असते आणि जवळची वाट दोघींचीही तीच निघते. 'ही केबल तिच्या जोडीदारणीच्या वाटेनं जाणार नाही' असं तोंडानं सांगावं लागतं, प्रत्येक जोडीला. आता इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ पासून सुरू झाला आणि कसाऱ्याच्या डोंगरातून सुमारे आठ किलोमीटरचा जुळा बोगदा आमच्या शेजारच्या शहापूर तालुक्यात उतरला. त्यातून जाताना गाडीतले सगळे किती लवकर पोचलो ते बोलत असतात. माझी नजर छताकडच्या पंख्यांवर आणि भिंतीवर असते. धूर कोंडला तर तो पंखा फिरला पाहिजे, आणि तो फिरवणारी केबल त्याच धुरात जळता कामा नये. कुणीतरी बसून ती वाट आखली आहे.

इथवरचं सगळं पुस्तकात सापडतं. पुढचं मला एका मुकादमानं शिकवलं.

पंपघराचं काम होतं. कुठलं ते सांगत नाही. मॉडेल माझ्या हाती आलं तेव्हा मुख्य वाटा आधीच आखलेल्या होत्या आणि तपासणीतून पासही झालेल्या होत्या. क्लॅश, म्हणजे एकमेकांत घुसलेल्या वस्तू, शून्य, ट्रे कुठेही लाल नाही, वळणं नियमात. केबल ओढायच्या आधी मला साइटवर पाठवलं. केबल ओढणारी गँग शहापूरच्या डोळखांब भागातली, त्यांचा मुकादम पन्नाशीचा. मी वैशाखऱ्याची म्हटल्यावर त्यानं आधी आमच्याकडे म्हशाच्या जत्रेला घोंगडी घ्यायला तो कसा यायचा ते सांगितलं आणि मग म्हणाला, "ताई, तुमचा एक कोपरा बघायला चला."

जमिनीखालच्या ट्रेंचमधून आलेल्या केबल पॅनेलरूमच्या भिंतीशी वर चढत होत्या, तो कोपरा. तीन मजली ट्रे, समोर हवेचा डक्ट, बाजूला काँक्रीटचा खांब. मॉडेलमध्ये मी तो कोपरा सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला होता. मुकादम त्या कोपऱ्यात शिरायला गेला आणि खांद्याशी अडकला. तिथूनच म्हणाला, "केबल जाईल. माणूस उभा कुठं राहील?"

केबल ओढणं ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ड्रम जॅकवर चढवतात. केबलच्या तोंडाला जाळीचा मोजा चढवून दोर बांधतात. ट्रेवर ठरावीक अंतरानं रोलर ठेवतात. मग पुढे दोर ओढणारे, मागे ड्रम फिरवणारे आणि मध्ये, प्रत्येक वळणावर, एक माणूस. त्या वळणावरच्या माणसावर सगळी भिस्त. केबल आली की ती खांद्यावर घेऊन, अंगानं वळण देऊन त्यानं पुढे सारायची असते. तो नसेल तर ओढणारे नुसतं ओढतात, केबल वळणाच्या आतल्या कडेला घासते, वरचं आवरण सोलवटतं, आणि कागदावर बारापट असलेली त्रिज्या त्या क्षणी चारपट होते. मीटरला पाच किलो, वीस मीटर अंगावर आली की शंभर किलो. हे सावरायला पाय रोवून उभं राहायला जागा लागते.

"नाहीतर काय करता?" मी विचारलं.

"खालच्या ट्रेवर पाय देतो," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "पण मग खालच्या केबलचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. ट्रे केबलच्या वजनाचा हिशेब करून घेतलेला असतो, माणसाच्या नाही. पत्रा दबतो, खालची केबल चेपते, आणि माणूस पडला तर खाली ट्रेंच. मी जागेवरच मापं घेतली. रायझर खांबाच्या पलीकडे नेला तर समोर एक माणूस नीट उभा राहू शकत होता, हात हलवू शकत होता, आणि पुढे कधी केबलच्या टोकाची जोडणी बदलायची झाली तर गुडघे टेकून बसूही शकत होता. प्रत्येक केबल काही मीटरनं लांब होत होती. ऑफिसात येऊन बदल दाखवला तेव्हा पहिला प्रश्न तोच आला: सॉफ्टवेअरनं आखूड वाट दिलेली असताना लांबची का? मी म्हटलं, इथे ओढताना माणूस कुठे उभा राहतो ते मॉडेलमध्ये दाखवा. कुणाला दाखवता येईना. बदल मंजूर झाला. ओढायला वेळ होता म्हणून निभावलं.

त्या महिन्यात घरी गेले तेव्हा भाच्याला घेऊन नाणेघाट चढले. लहानपणापासून कित्येकदा चढलेली वाट, पण त्या दिवशी वेगळी दिसली. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून उतरलेला माल जुन्नर आणि पुढे पैठणकडे न्यायला ही वाट कातळ फोडून केली. माथ्यावरच्या लेण्यात नागणिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञ आणि दानांची जंत्री आणि आकडे. हे सगळे सांगतात. जकातीचा दगडी रांजणही सगळे दाखवतात. मी बघत होते त्या पायऱ्या, चढावर अधूनमधून कोरलेली पाण्याची टाकी, टेकायला खोदलेल्या गुहा. ज्यानं ही वाट आखली त्यानं ओझ्याखालच्या जनावराचा आणि त्याला हाकणाऱ्या माणसाचा श्वास कुठे संपतो ते धरून आखली होती. टाक्यातलं पाणी मालाला लागत नाही. ते वाहणाऱ्याला लागतं. मुकादम माझ्याकडे तेच मागत होता.

तेव्हापासून मी मॉडेलमध्ये माणूस ठेवते. सॉफ्टवेअरबरोबर येणारी मानवी आकृती चकचकीत चित्रांसाठी असते, नुसती ताठ उभी. मी मला हव्या तशा करून घेतल्या: एक उभी, एक गुडघ्यावर बसलेली, एक दोन्ही हात खांद्यावर घेतलेली. प्रत्येक रायझरपाशी, प्रत्येक चेंबरमध्ये, प्रत्येक वळणावर ती आकृती ठेवायची आणि मग क्लॅश तपासायचा. आता ट्रे आणि तुळई धडकते तसा ट्रे आणि माणूसही धडकतो आणि यादीत येतो. नव्या मुलींना आधी हे गमतीचं वाटतं. साइटवर एकदा जाऊन आल्या की मग न सांगता ठेवतात. केबलच्या कामात साइटवर न गेलेल्या माणसाच्या हाती अंतिम सही देऊ नये, असं माझं ठाम मत आहे आणि ते मी बैठकीतही बोलते.

दुसरा हट्ट रिकाम्या जागेचा. ट्रेवर वीस-पंचवीस टक्के जागा मोकळी ठेवायची आणि डक्टच्या प्रत्येक ओळीत एखाददुसरा पाइप रिकामा सोडायचा, हे सगळ्या स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं असतं. खर्च कमी करायची वेळ आली की कात्री पहिल्यांदा तिथेच लागते, कारण रिकाम्या पाइपातून काय जाणार हे कुणाला सांगता येत नाही. पाच वर्षांनी एक पंप वाढतो, दहा वर्षांनी कॅमेरे येतात, आणि जागा नसली की नवी केबल ट्रेच्या कडेवरून, दोरीनं बांधून, कशीही जाते. कुठलीही वीस वर्षं जुनी केबल गॅलरी उघडून बघा, सगळ्यात धोकादायक केबल सगळ्यात नवी असते.

आमच्याकडे वीज अजून खांबांवरून येते. आषाढात फांदी पडली की तार तुटते, आणि मी घरून काम करत असले तर जमिनीखालच्या केबल आखता आखता लॅपटॉपची बॅटरी संपते. जवळच पडघ्याला चंद्रपूरहून ५०० किलोव्होल्टची डीसी लाइन १९९९ पासून पोचलेली आहे. शहापूरच्या तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी मुंबई पिते. मोठ्या वाटा आमच्या भागातून जातात, त्यांच्या आखणीला अभियंते असतात. पाड्यावरच्या दीडशे मीटरच्या रस्त्याची आखणी करायला कुणी नसतं. शेजारच्या पाड्यावर काँक्रीटचा रस्ता झाला आणि वर्षाच्या आत नळाच्या पाइपासाठी तो ब्रेकरनं आडवा फोडला. बुजवलेल्या चरात पुढच्या पावसात पाणी साचलं ते साचलंच.

आमच्या पाड्याचा रस्ता निघाला तेव्हा मी आधीच्या रविवारी वडिलांना घेऊन ठेकेदाराच्या माणसाला भेटले. म्हटलं, काँक्रीट ओतायच्या आधी तीन ठिकाणी आडवे पाइप टाकू द्या, चर आम्ही खणतो. तो म्हणाला, हे बिलात कुठे बसवू? म्हटलं, बसवू नका. घरटी वर्गणी काढून आम्ही दुहेरी भिंतीचे डीडब्ल्यूसी पाइप आणले. रस्त्याखालून जाणारी केबल एक मीटर खोल हवी, म्हणून तेवढी खोली धरली. पाणी साचू नये म्हणून एका बाजूला थोडा उतार दिला. प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकांना बूच मारलं. वडिलांनी विचारलं, "यातून जाणार काय?" मी म्हटलं, "अजून ठरलं नाही." त्यांना ते पटलं नव्हतं, पण त्यांनी कुदळ घेतली.

पाइप नेमके कुठे आहेत ते मी वहीच्या पानावर काढून ठेवलं: देवळाच्या कोपऱ्यापासून किती मीटर, हातपंपाच्या ओट्यापासून किती मीटर, दोन हलणार नाहीत अशा जागांपासून. एक प्रत वडिलांकडे, एक पोलीस पाटलांकडे. पुढच्या उन्हाळ्यात चुलत्यांनी रस्त्यापलीकडच्या खाचराशी बोअर मारली आणि पंपाची केबल मधल्या पाइपातून गेली. दोरीला बांधून दोघांनी ओढली, रस्त्याला कुणी हात लावला नाही.

यंदा वरच्या ठाकरवाडीचा रस्ता मंजूर झाला. मी ऑफिसात असताना वडिलांचा फोन आला. वाडीतली माणसं त्यांच्याकडे येऊन बसली होती, वही समोर होती. "किती पाइप आणायला सांगू?" त्यांनी विचारलं. मी घरांची संख्या, हातपंप, रस्त्याच्या खालच्या अंगाची शेतं विचारून घेतली आणि पाच सांगितले. पलीकडे थोडा वेळ बोलणं चाललं, मग वडील परत फोनवर आले. "ते म्हणतात कामाचे तीनच आहेत, दोन कशाला?" मी सांगायला सुरुवात करणार तेवढ्यात त्यांनीच मला थांबवलं आणि तिकडे तोंड करून त्या माणसांना समजावायला लागले.